जुन्या वळणाच्या ख्रिसमस सजावटीचा सेट: काय खरं आणि काय नुसतं जुनं दिसणारं

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाईत ठरवायचंय त्यांचा वेळ जायला नको. "रस्टिक ख्रिसमस" म्हणून जो मोठा खोका मिळतो ना, त्यातला एक सेट मी पूर्ण सीझन वापरला, म्हणजे अ‍ॅडव्हेंटच्या (ख्रिसमसआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी काढला तो ६ जानेवारीला उतरवला, आणि माझं मत असं की घ्यावा, पण त्यातल्या निम्म्या वस्तूंसाठी घ्यावा आणि बाकीच्या बाजूला काढायची तयारी ठेवावी. गवताच्या काडाचे तारे, वेलींची रिंग, पत्र्याचा कंदील आणि काचेचे चंदेरी गोळे या चार गोष्टी इतक्या छान आहेत की पुढची कितीतरी वर्षं मी त्या काढत राहणार. लाकडी म्हणून दिलेले तारे आणि खोट्या बर्फाची पिशवी या दोन गोष्टींनी मात्र निराशा केली, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

मला ही जुन्या पद्धतीची सजावट अगदी मनापासून आवडते त्यामुळे थोडं लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. या स्टाइलचं सगळं सौंदर्य कशात असेल तर ती हाताशी जे होतं त्यातून आलीय. जंगलातल्या हिरव्या फांद्या, कापणीनंतर उरलेलं काड, मेण, सुतळी, पत्र्याचे तुकडे, जुन्या कापडाच्या पट्ट्या, झाडाखाली पडलेले पाइन कोन (पाइनची खवल्याखवल्यांची लाकडी फळं). लोकांनी मुद्दाम "जुनं" दिसावं म्हणून काहीच केलं नव्हतं, जे होतं ते नीट बांधलं, टांगलं आणि त्याच्या शेजारी दिवा लावला एवढंच. म्हणून मी प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर एकच बघते, ही वस्तू जे आहे म्हणून सांगते ते ती खरंच आहे का. लाकूड असेल तर लाकूड हवं, काड असेल तर काड हवं. या एका कसोटीवर या सेटचे सरळ दोन भाग पडतात.

सुरुवात गवताच्या ताऱ्यांपासून करते कारण खोक्यातली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियाकडे हे तारे कित्येक पिढ्या बनवतात, गव्हाचं किंवा राय या धान्याचं काड घ्यायचं, भिजवून मऊ करायचं, उभं चिरून उघडायचं, वरून गरम इस्त्री फिरवून सपाट पट्टी करायची, मग पट्ट्या एकमेकींवर आडव्या-तिरक्या ठेवून मधोमध दोऱ्याने आवळायच्या आणि टोकं कात्रीने कापायची. इस्त्री थोडी जास्त वेळ दाबून ठेवली की काड तपकिरी होतं, आणि जुने कारागीर तेवढ्यावरच दोन-तीन रंगछटा काढतात, वेगळा रंग लावायची गरजच नसते. या सेटमधल्या ताऱ्यांत तशी भाजलेली पट्टी दर दोन फिकट पट्ट्यांच्या मधे आहे, आणि मी भिंगातून बघितलं, ती खरंच भाजलेली आहे, रंगवलेली नाही, कारण तिच्या कडेला रंग हळूहळू फिका होत गेलाय. मधला दोरा लाल आहे आणि गाठ मागच्या बाजूला दोनदा मारलेली आहे. काही काड्यांवर पेराची बारीक आडवी रेघ दिसते. मशिनवर कापलेल्या प्लास्टिकच्या पट्टीत हे येणं शक्यच नाही.

आणि यांची खरी मजा उजेडात आहे. काडाची बाहेरची बाजू नैसर्गिकरीत्याच चकचकीत असते, त्यामुळे मागे किंवा बाजूला छोटा पिवळा दिवा असला की तारा अक्षरशः सोनेरी होतो, आणि ग्लिटर लावलेल्या कुठल्याही वस्तूला ती चमक जमत नाही. मी अर्धे झाडावर लावले आणि अर्धे खिडकीत वेगवेगळ्या उंचीवर टांगले, दिवसा बाहेरचा उजेड मागून येतो आणि रात्री आतला दिवा. झाडावर लावताना बाहेरच्या टोकाला लावू नका, थोडे आत, दिव्याच्या जवळ लावा. फिनलंडमधे याच काडाचं आणखी पुढचं रूप आहे, हिमेली म्हणतात, अख्ख्या पोकळ काड्यांमधून दोरा ओवून केलेले भौमितिक लोलक, वाऱ्याच्या झुळकीने हळू फिरतात. सेटमधे ते नाहीये पण ज्यांना हाताने काही करायचंय त्यांनी नक्की करून बघावं, काड आणि दोरा एवढंच लागतं.

फक्त एक गोष्ट गंभीरपणे घ्या. काड म्हणजे वाळलेलं गवत, त्याच्या आसपास खरी मेणबत्ती अजिबात नको. स्वीडनमधल्या येव्ले शहरात १९६६ पासून ख्रिसमसला चौकात गवताचा प्रचंड बोकड उभा करतात, पहिला तर १३ मीटर उंच होता आणि तो त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरच्या रात्री कुणीतरी पेटवला, त्यानंतरही तो कितीतरी वेळा जळालाय. सेटच्या माहितीपत्रकात आगीबद्दल एक ओळ आहे पण ती इतक्या बारीक अक्षरांत आहे की कोण वाचणार, ती खोक्यावर ठळक छापायला हवी होती.

आता वेलींची रिंग. द्राक्षवेलीसारख्या सुक्या वेली पिळून केलेली, साधारण ताटाएवढ्या व्यासाची, आणि छान जड आहे. यात तारेचा सांगाडा नाही, वेली एकमेकींत अडकवूनच गोल केलाय, त्यामुळे कुठेही फांदी खोचली तरी पकडून ठेवते, गोंद लागत नाही. कडेला वेलीचे कुरळे तंतू तसेच सोडलेत, ते कापू नका प्लीज, सगळा जिवंतपणा त्या तंतूंत आहे. बहुतेक लोक रिंग पूर्ण भरून टाकतात, मग खाली वेल आहे की थर्माकोल हे कळतच नाही. मी खालच्या एका बाजूला साधारण तिसरा हिस्सा भरला, फरच्या दोन-तीन फांद्या, दोन पाइन कोन, एक पातळ रिबन, बास. बाकीची रिंग उघडी. दारावर ती इतकी सुंदर दिसली की येणारा प्रत्येक जण आधी तिथेच थांबायचा.

हीच रिंग टेबलवर आडवी ठेवून चार मेणबत्त्या लावल्या की अ‍ॅडव्हेंटची रिंग होते. ती कल्पना कुठून आली ते मला फार आवडतं, हॅम्बुर्गमधे योहान हिनरिश विखर्न नावाच्या पाळकांनी गरीब मुलांसाठी एक संस्था चालवली होती, मुलं सारखी विचारायची ख्रिसमसला किती दिवस राहिले, म्हणून १८३९ मधे त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर रोजच्यासाठी छोट्या लाल आणि रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. गाडीचं चाक! ज्यांना या स्टाइलचा आत्मा काय आहे असं विचारायचंय त्यांना मी हेच उदाहरण देईन. सेटमधे या रिंगसाठी मेणबत्तीचे होल्डर दिलेले नाहीत, ही कमी आहे. खोचायचे टोकदार पत्र्याचे होल्डर वेगळे मिळतात ते घ्या, आणि खरी मेणबत्ती पेटवणार असाल तर रिंगवर सुकं काही ठेवू नका, समोर बसलेलं असतानाच पेटवा.

कंदिलाबद्दल. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, चार बाजूंना काच, वर गोल कडी. पत्र्यावरचे जे फुलाफुलांसारखे राखाडी चट्टे दिसतात ते जस्त थंड होताना त्याचे स्फटिक तयार होतात त्याचे आहेत, छापलेले नाहीत, वेगवेगळ्या कोनातून बघितलं की चमक बदलते. दाराची बिजागरी साधी, तार वाकवून केलेली, थोडी कुरकुरते आणि मला तेही आवडलं. झाकणाला भोकं आहेत त्यामुळे आत छोटी मेणबत्ती लावता येते, काच तडकली नाही, पण वरची कडी खूप तापते, पेटलेला कंदील कडीला धरून उचलू नका. आत मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती ठेवून बघा, हे मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं म्हणजे साध्या पॅराफिनच्या बऱ्याच मेणबत्त्यांपेक्षा उशिरा, म्हणून सावकाश जळते आणि वास मधासारखा येतो. एकच खटकलं, कंदिलाच्या खालच्या कडेला गंज म्हणून तपकिरी रंगाचे ठिपके मारलेत. कशाला? पत्रा खरा आहे, दोन-चार वर्षांत त्याला त्याचं वय आपोआप येणार आहे. मी ते ठिपके थिनरच्या बोळ्याने पुसून टाकले, सहज निघाले, आणि कंदील दुप्पट चांगला दिसायला लागला.

काचेचे गोळे खरे काचेचे आहेत, आतून चंदेरी केलेले, आणि चांदी मुद्दाम थोडी डागाळलेली ठेवलीय. जर्मनीतल्या लाउशा गावात १५९७ पासून काचेचं काम चालतं आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्याच कारागिरांनी घराघरांत दिव्याच्या ज्योतीवर काच फुगवून झाडाचे गोळे करायला सुरुवात केली. चांदीची चमक येण्यासाठी सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण गोळ्याच्या आत ओतून फिरवायचं, म्हणजे चांदीचा पातळ थर आतून बसतो. थर आतून असल्यामुळे बोटांनी पुसला जात नाही, आणि वर काच असल्यामुळे चमकेला खोली येते. प्लास्टिकच्या गोळ्यावर रंग बाहेरून असतो, तो आरशासारखा भपकन चमकतो आणि लगेच नवा वाटतो. इथे तसं नाहीये. वजन हलकं, धातूची टोपी घट्ट, आतली तार दोन बाजूंनी फाकणारी. टोपी काढून बघितली तर काचेची मान थोडी वाकडीतिकडी तुटलेली दिसते, तिथे हात सांभाळा, मुलांना टोप्या काढू देऊ नका.

बरं, आता ज्याचा राग आला ते. खोक्यावर लिहिलंय "जुन्या गोठ्याच्या फळ्यांचे तारे". हातात घेतल्यावर वजन हलकं लागलं, मग मी सगळे तारे टेबलवर ओळीने मांडले, आणि प्रत्येक ताऱ्यावर डाव्या हाताच्या टोकाजवळ तीच गाठ, तोच तडा, त्याच तड्याच्या बाजूला तोच छोटा खिळ्याचा काळा डाग. एकच फोटो सगळ्यांवर छापलाय. खाली एमडीएफ आहे, वर छापील कागद, कडा लेसरने कापल्यामुळे काळ्या झाल्यात आणि त्या काळ्या कडांमुळे लांबून जुनं लाकूड वाटतं खरं, पण दोन फुटांवर आलात की संपलं. एमडीएफ वापरलं याचा राग नाही, स्वस्तात करायचं तर काहीतरी वापरावं लागतं. पण मग तसं लिहा ना, लाकडाच्या भुशाची फळी आहे म्हणा, रंगवा, पांढरा चुना मारल्यासारखा हात द्या, ते प्रामाणिक दिसेल. गोठ्याची फळी म्हणून छापील कागद देणं म्हणजे वापरणाऱ्याला फसवणं आहे.

ज्यांच्याकडे हा सेट आधीच आलाय त्यांच्यासाठी सांगते, हे तारे उलटे करा. मागे कागद नाही. मागच्या बाजूला पांढरा किंवा गडद लाल मॅट रंग ब्रशने द्या, स्प्रे नको, ब्रशचे फराटे दिसू देत. आणि ज्यांना खऱ्या लाकडाचे राखाडी तारे हवेत त्यांना घरी करणं अजिबात अवघड नाही. बारीक स्टील वूल एका काचेच्या बरणीत व्हिनेगरमधे बुडवून रात्रभर ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं नाही कारण गॅस तयार होतो, सकाळी ते पाणी गाळून घ्यायचं. त्यात लोखंड विरघळलेलं असतं आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट घटकाशी त्याची रिअ‍ॅक्शन होऊन लाकूड काही मिनिटांत राखाडी होतं, अगदी वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या फळीचा रंग. पाइनच्या लाकडात टॅनिन कमी असतं म्हणून आधी कडक काळ्या चहाचा एक हात द्यायचा, तो वाळला की मग हे पाणी. ओकला चहा लागत नाही, उलट तो जवळजवळ काळाच होतो. आधी फळीच्या तुकड्यावर ट्राय करा. एमडीएफवर हे करू नका, पाण्याने त्याच्या कडा फुगतात.

पाइन कोन ठीकठाक. खरे आहेत, पण सगळ्यांच्या टोकांना पांढरा रंग फासलाय, बर्फ म्हणून. काही कोन बंद आले होते, पिशवीत दमट राहिल्यामुळे असणार, कारण पाइन कोनचे खवले ओल मिळाली की मिटतात आणि कोरडे झाले की उघडतात, झाडावरून पडल्यावरही, कोन मेलेला असला तरी. खवल्याच्या दोन थरांपैकी एक ओलाव्याने जास्त फुगतो म्हणून हे होतं. त्यामुळे बंद आलेत म्हणून परत करू नका, उबदार जागी ठेवा, उघडतात. रंग फासलेले मला नको होते म्हणून मी बाहेरून गोळा केलेलेच जास्त वापरले. गोळा केलेले वापरणार असाल तर आधी ओव्हनमधे साधारण १०० अंशावर अर्धा तास ठेवा, खाली फॉइल घाला आणि तिथून हलू नका, त्याने आतले किडे मरतात, चिकट राळ वितळून वर एक नॅचरल चकाकी येते आणि कोन पूर्ण उमलतात. व्हार्निश लावायची गरज नाही.

खोट्या बर्फाबद्दल एकच वाक्य, उघडू नका. प्लास्टिकचा चुरा आहे, घरभर होतो, गोणपाटाच्या विणीत अडकला की पुढच्या वर्षीपर्यंत निघत नाही आणि पाळीव प्राणी असतील तर तोंडात जातो.

गोणपाटाची माळ आणि लाकडी मण्यांची माळ या दोन्ही बऱ्या आहेत. गोणपाट खऱ्या तागाचं आहे, सुरुवातीला वास येतो, एक-दोन दिवस हवेवर टाकलं की जातो. कडांना शिलाई नाही त्यामुळे दशा सुटतात, थोड्या सुटू द्या, छान दिसतात, पण जास्त व्हायला लागल्या तर कडेपासून दोन-तीन धाग्यांवर पातळ गोंदाची रेघ मारा. मणी न रंगवलेल्या लाकडाचे आहेत आणि दोरा मजबूत. या माळेने झाडाला जो निवांतपणा येतो तो चमकत्या झिरमिळ्यांनी येत नाही. फक्त लांबी कमी आहे, मध्यम उंचीच्या झाडाला एका माळेत तीन वेढेसुद्धा होत नाहीत.

आता लाइट्स, कारण सगळं बरोबर केलं आणि लाइट चुकला की या स्टाइलचा सगळा परिणाम गेलाच. सेटमधे तांब्याच्या बारीक तारेवरचे छोटे एलईडी आहेत, पॅकवर "वॉर्म व्हाइट" लिहिलंय. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास असतो, बाजारातला वॉर्म व्हाइट २७०० ते ३००० असतो, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-केशरी. सेटमधले लाइट मला ३००० च्या बाजूचे वाटले, म्हणजे वाईट नाही पण काचेच्या गोळ्यांच्या जुन्या चांदीवर थोडे फटफटीत दिसतात. मी झाडासाठी २२०० वाले वेगळे लावले आणि हे सेटमधले कंदिलात आणि बरणीत टाकले, तिथे मस्त दिसतात. टायमर आहे, ६ तास चालू आणि १८ तास बंद, हे फार सोयीचं, एकदा संध्याकाळी लावलं की रोज त्याच वेळेला आपोआप लागतात. बॅटरीचा डबा मात्र चकचकीत काळा आणि मोठा आहे, लपवायला कसरत करावी लागते, मी तो गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून सुतळीने बांधला आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवला. बॅटरीवर चालणारे लाइट गरम होत नाहीत म्हणून हे चालतं, घरातल्या करंटवर चालणाऱ्या अ‍ॅडाप्टरला असं काही गुंडाळू नका. लुकलुकणारा मोड आहे, तो बंदच ठेवा.

झाडावर पूर्वी खऱ्या मेणबत्त्या असायच्या, थोडा वेळच पेटवायच्या आणि बाजूला पाण्याची बादली भरून ठेवायची. १८८२ च्या डिसेंबरात एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडाला लाल, पांढरे, निळे असे ८० विजेचे दिवे लावले आणि झाड फिरतं ठेवलं, तेव्हापासून विजेचे दिवे झाडावर आले. हे सांगायचं कारण असं की मेणबत्त्यांमुळे जुन्या झाडांची ठेवणच वेगळी असायची. ज्योत वरच्या फांदीला लागू नये म्हणून मधे मोकळी जागा लागायची. जर्मनीत हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेवर गुंडाळून छोटी झाडं करायचे, त्यांच्या फांद्या तर इतक्या विरळ की पलीकडचं दिसायचं, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एखाददुसरीच वस्तू. आजच्या दाट गच्च झाडांवर हे गोळे, हे तारे हरवून जातात. त्यामुळे तुमच्याकडे आर्टिफिशियल झाड असेल तर सगळ्या फांद्या फुलवून गच्च करू नका, काही फांद्या बुंध्याकडे दाबून ठेवा, मधे पोकळ्या राहू द्या. गवताचा तारा पोकळीतच दिसतो. एवढ्या एका बदलाने माझ्या झाडाचं रूप पालटलं, आणि हा बदल फुकट आहे.

लाल-काळ्या चौकडीची रिबन खोक्यात भरपूर दिलीय, गरजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि मोह होतो सगळीकडे बो बांधायचा. मी दारावरच्या रिंगला एक आणि जिन्याच्या कठड्याला एक एवढीच लावली. चौकडी डोळ्यात भरणारी आहे, ती वाढली की बाकी शांत गोष्टी दिसेनाशा होतात. सोबत "मेरी ख्रिसमस" लिहिलेली एक पाटी पण आहे, तीच छापील फळी, तिच्याबद्दल वेगळं काय लिहू.

सेटमधे जे अजिबात नाहीये आणि हवंच हवं ते म्हणजे वास. जुन्या पद्धतीची सजावट नाकालाही कळते. संत्र्याच्या चकत्या करा, अर्धा सेंटिमीटर जाड, कापडाने टिपून रस काढा, ओव्हनमधे ९० ते १०० अंशावर जाळीवर ठेवा, मधूनमधून उलटा, चार-पाच तास तरी लागतात, घाई करून आच वाढवली की त्या तपकिरी होतात आणि पारदर्शकपणा जातो. नीट सुकलेली चकती दिव्यासमोर धरली की रंगीत काचेसारखी उजळते. दालचिनीच्या काड्यांची जुडी सुतळीने बांधायची. अख्ख्या संत्र्यात लवंगा टोचायच्या, आधी जाड सुईने भोक पाडून घ्या नाहीतर बोटं दुखतात. ही तीन कामं मुलांसोबत केली तर एक दुपार छान जाते. लहान मुलांसाठी मिठाच्या पिठाचे आकार पण आहेत, दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी, मळून लाटून कापायचं, भोक पाडायला विसरायचं नाही, आणि मंद आचेवर सावकाश सुकवायचं. ते कुत्र्यापासून दूर ठेवा, एवढं मीठ त्यांना घातक असतं.

खऱ्या फांद्यांशिवाय मात्र हा सेट अपुरा आहे, हे मी ठामपणे सांगेन. फर घ्या, तिच्या सुया घरातल्या कोरड्या हवेत बऱ्याच टिकतात, स्प्रूस लवकर गळायला लागतो. देठ नव्याने तिरके कापा, रात्रभर पाण्यात उभे ठेवा, मगच लावा, आणि हीटर किंवा चुलीच्या जवळ नको. होली आणि मिसलटो या ख्रिसमसला लावायच्या वनस्पतींची फळं विषारी असतात, घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर ती उंचावर बांधा नाहीतर आणूच नका.

सर्व्हिसबद्दल. माझ्या खोक्यात एक काचेचा गोळा फुटून आला होता, फोटो पाठवल्यावर दुसरा पाठवला, त्याबद्दल तक्रार नाही आणि या वेळचं पॅकिंगही नीट होतं. ताऱ्यांच्या छापील फळीबद्दल विचारलं तेव्हा मात्र "नैसर्गिक वस्तूंमधे थोडा फरक असतो" असं साचेबद्ध उत्तर आलं. फरक नाहीये हीच तर तक्रार आहे! त्यानंतर परत लिहिलं त्याला उत्तर नाही. म्हणून एक स्टार त्यासाठी कापला आणि अर्धा त्या बर्फासाठी, पाचपैकी साडेतीन.

कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे काहीच नाही आणि पहिल्यांदाच या स्टाइलने घर सजवायचंय त्यांनी घ्यावा, चार पक्क्या वस्तू एकदम हाताशी येतात आणि बाकीचं फांद्या, कोन, संत्री यांनी भरून निघतं. ज्यांच्याकडे आधीच कंदील आणि काचेचे गोळे आहेत त्यांनी पूर्ण सेट घेऊ नये, गवताचे तारे आणि वेलींची रिंग वेगळी शोधावी. ज्यांना सगळं एकसारखं, मॅचिंग आणि चकचकीत आवडतं त्यांना हे फिकं वाटेल, त्यांनी उगाच घेऊ नये.

उतरवून ठेवताना तारे एकावर एक रचू नका, दोन ताऱ्यांच्या मधे पातळ कागद घाला आणि कडक खोक्यात आडवे ठेवा, एकदा काड मोडलं की सरळ होत नाही. गोणपाट पूर्ण कोरडं असल्याशिवाय गुंडाळू नका, ओल राहिली तर बुरशी धरते, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलं तर घड्या पडत नाहीत. सुकवलेल्या संत्र्याच्या चकत्या मी दरवर्षी नव्याच करते, साठवल्या तर कीड लागते. लाइटच्या डब्यातल्या बॅटऱ्या आठवणीने काढा नाहीतर गळून डबा खराब होईल. आणि कंपनीचं कुणी हे वाचत असेल तर एवढी विनंती, गवताचे तारे सुटे विकायला काढा, मी आणखी दोन पाकिटं लगेच घेईन.